वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी परदेशी जाताय? आधी परतल्यावरची सोय बघा

बहिणीच्या शस्त्रक्रियेला बारा दिवस झाले होते आणि सकाळपासून घोटभर पाणीही तिच्या पोटात ठरत नव्हते. रात्री अकराच्या सुमारास तिला गाडीत घालून गोव्यातल्या फोंड्याहून रुग्णालयात निघालो, तेव्हा इस्तंबूलहून आणलेली फाइल माझ्या मांडीवर होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरने ती उघडली, पाने उलटली आणि विचारले, "नेमके काय केलेय, ते यात कुठे लिहिलेय?" कुठेच लिहिलेले नव्हते. पहिले पान तुर्की भाषेत, दुसऱ्यावर तिथल्या ब्रँडच्या औषधांची नावे, तिसऱ्यावर हॉटेलचा आणि विमानतळावरच्या गाडीचा तपशील. सर्जनने आत काय कापले, काय शिवले, याचा एक शब्द नाही.

जठर शिवलेल्या जागेतून गळती होत असेल ही भीती होती, ती निघाली नाही. जठराच्या नव्या नळीला सूज होती आणि शरीरातले पाणी आटले होते. तीन दिवस सलाइनवर राहून ती सावरली. पण सीटी स्कॅनचा निकाल येईपर्यंतच्या त्या दोन तासांत मला एक गोष्ट कळली. शस्त्रक्रिया दोन तासांची असते, तिच्यानंतरचे सगळे आयुष्य घरी काढायचे असते. आम्ही तयारी केली ती त्या दोन तासांची. माझी बहीण दुबईत नोकरी करते, मी फोंड्यात राहते. पॅकेज, व्हिसा, हॉटेल, सगळे आम्ही महिनाभर घोकले होते. परतल्यावर कोणाकडे जायचे, हे मात्र विचारलेच नाही. म्हणून हा लेख मी उलट्या टोकाकडून लिहिते आहे: आधी घर, मग विमान.

जायची गरज खरोखर आहे का?

गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. आपल्याकडे वजन म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न राहिलेला नाही.

पहिला हिशेब बीएमआयचा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ९८ किलो असेल, तर बीएमआय साधारण ३६. आपल्या लोकांत कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साचते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून आशियाई लोकांसाठी मोजपट्टी खाली धरली जाते. २०२२ साली अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय बेरिॲट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, सर्जनांच्या संघटनांनी एकत्र येऊन नवे निकष दिले. बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार असो वा नसो शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई लोकांत २७.५ पासूनच तिचा विचार व्हावा, असे ते सांगतात. याचा अर्थ २८ बीएमआयच्या प्रत्येकाने टेबलावर चढावे असा नाही. मधुमेह आटोक्यात येत नाही, झोपेत श्वास अडकतो, गुडघे गेलेत, अशा माणसाला नुसत्या आकड्यावर नाकारू नये, एवढाच.

आणखी एक गोष्ट आधी तपासा. २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आठवड्याची इंजेक्शने वजनासाठी भारतात आली. काहींना ती पुरतात. आपल्या बाबतीत ती का पुरणार नाहीत, हे गोव्यातल्या फिजिशियनकडून समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता परदेशाचे. मनापासून सांगते, गोव्यात राहणाऱ्या माणसाला परदेशी जाण्याचे सबळ कारण फार क्वचित सापडते. आफ्रिकेतून, आखातातून लोक याच शस्त्रक्रियेसाठी भारतात येतात. मुंबई, पुणे, बंगळुरूतल्या खासगी रुग्णालयांत स्लीव्हचा, म्हणजे जठर कापून त्याची अरुंद नळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा, खर्च साधारण तीन ते पाच लाखांच्या घरात जातो. इस्तंबूलच्या पॅकेजमध्ये दोघांचा विमानखर्च, व्हिसा आणि जादा दिवसांचे हॉटेल मिळवले तर आमची बचत शून्य होती. शिवाय भारतात ठरावीक अटी पूर्ण केल्या तर विमा मिळू शकतो. विमा नियामकाच्या प्रमाणित कलमानुसार वय १८ किंवा त्याहून जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार), हृदयविकार असे काही, आणि साधे उपाय करूनही उपयोग झालेला नसणे, अशा त्या अटी आहेत. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ वेगळा. बाहेरच्या देशात केलेल्या शस्त्रक्रियेला ही दारे सहसा बंद.

मग जावे कोणी? जो मुळात बाहेरच राहतो, किंवा ज्याची मुले, बहीण, भाऊ तिथे आहेत आणि महिनाभर सांभाळणार आहेत, त्याने. केवळ ओळखीतल्या कोणाला तिथे बरे वाटले म्हणून जाऊ नये. आम्ही तसेच गेलो होतो.

पहिली पायरी: गोव्यातला डॉक्टर पक्का करा

तिकीट, डिपॉझिट, व्हिसा, सगळ्याच्या आधी हे. तुम्हाला तीन माणसे हवीत. एक फिजिशियन किंवा मधुमेहतज्ज्ञ, जो औषधे कमी-जास्त करील. एक सर्जन, ज्याला बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेच्या गुंतागुंती ठाऊक आहेत. एक आहारतज्ज्ञ, जो तुमच्या ताटातला भात आणि नुस्ते, म्हणजे मासे, ओळखतो. सर्जनला स्पष्ट विचारा: "मी बाहेर करून आलो तर पुढचे तुम्ही बघाल का?" काही जण नाही म्हणतात आणि त्यांचेही बरोबर असते, दुसऱ्याने आत काय केले याची जबाबदारी कोण घेणार? पण तो नकार आज ऐकलेला बरा, रात्री अकरा वाजता नको.

तुमच्या घरापासून रात्री सीटी स्कॅन, एंडोस्कोपी आणि आयसीयू एकत्र कुठे मिळते, ते शोधून ठेवा. पेडण्याहून किंवा सत्तरीतल्या एखाद्या गावातून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागतो, ते पावसाळ्याच्या हिशेबाने धरा. १०८ चा नंबर घरातल्या पोरांनाही माहीत असतो, पण गाडीत बसल्यावर "बांबोळीला न्या की जवळच्या ठिकाणी" हा निर्णय कोणीतरी करावा लागतो. तो आधी करून ठेवा.

दुसरी पायरी: तपासण्या इथेच करा

पॅकेजवाली रुग्णालये तपासण्या तुम्ही पोहोचलात की त्याच दिवशी करतात, आणि दुसऱ्या सकाळी शस्त्रक्रिया. ऐकायला सोयीचे वाटते. पण पैसे भरलेले, विमानाने हजारो किलोमीटर आलेला, नातेवाइकांना सांगून निघालेला माणूस त्या रात्री "थांबू या" म्हणू शकत नाही. म्हणून नाही म्हणायची वेळ आली तर ती गोव्यात यावी.

रक्तात एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघतात. ईसीजी आणि गरजेनुसार इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पोटाची सोनोग्राफी, कारण पित्ताशयात खडे असतील तर ते आधी कळायला हवेत. घोरणे जोराचे असेल तर झोपेची तपासणी, कारण स्लीप ॲप्निया भूल देणाऱ्या डॉक्टरला माहीत असणे जिवाच्या मोलाचे आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाची एंडोस्कोपी. ती का, ते पुढच्याच मुद्द्यात येते.

मानसोपचारतज्ज्ञाची भेट लोक टाळतात. टाळू नका. दुःखात खाणारा माणूस शस्त्रक्रियेनंतरही दुःखी होणार, फक्त तेव्हा त्याच्याकडे खाण्याचा आधार नसेल.

तिसरी पायरी: कोणती शस्त्रक्रिया, हे तुमचे पोट ठरवील

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. ती पुन्हा पूर्ववत होत नाही. बायपासमध्ये वर एक छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यातल्या रू-एन-वाय या जुन्या पद्धतीत दोन जोड असतात आणि मिनी बायपासमध्ये एक.

परदेशी पॅकेजांत बहुतेकांना स्लीव्हच देतात, कारण ती वेळ कमी घेते आणि ठरावीक साच्यात बसते. पण ज्याला आधीपासून आम्लपित्त वर येते, अन्ननलिकेला जखमा आहेत, त्याचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. अशा माणसाला बहुधा रू-एन-वाय बायपास बरा. हे एंडोस्कोपीशिवाय कळत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून आणि वजनावरून तर नाहीच.

बलूनचे वेगळे. जठरात फुगा ठेवतात आणि नेहमीचा फुगा सहा महिन्यांनी काढावाच लागतो. बाहेरून बसवून आलात तर काढणार कोण, हे बसवण्याआधी ठरवा.

जठरात बोटॉक्सचे इंजेक्शन घेऊन वजन घटवण्याची जाहिरात दिसली तर तिथून निघून या. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तुर्कस्तानात अशी इंजेक्शने घेऊन परतलेल्या जर्मनी आणि इतर युरोपीय देशांतल्या पन्नासहून अधिक लोकांना बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, झाला. गिळता येईना, बोलता येईना, काहींना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले.

चौथी पायरी: रुग्णालय आणि सर्जनची झडती

झडतीच म्हणते. इथे संकोच करायचा नाही.

गोड बोलणारी, रात्री दोनलाही उत्तर देणारी व्यक्ती म्हणजे समन्वयक असते, डॉक्टर नसते. तिला तुमच्या बुकिंगमागे कमिशन मिळते. म्हणून पैसे देण्याआधी प्रत्यक्ष सर्जनशी व्हिडिओवर बोलणे मागा आणि त्या बोलण्यात हे विचारा: शस्त्रक्रिया तुम्हीच करणार की तुमच्या नावाने दुसरा? वर्षाला किती करता? गेल्या वर्षी किती जणांना गळती झाली, कितींना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले? आयसीयू त्याच इमारतीत आहे का? रात्री वॉर्डात डॉक्टर असतो का? मला गळती झाली तर माझा इथला मुक्काम वाढेल, त्याचा खर्च कोणाचा? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. "आमच्याकडे कधीच काही होत नाही" असे उत्तर आले तर तो एक तर फार थोड्या शस्त्रक्रिया करतो किंवा खरे सांगत नाही.

कागदी पडताळणी वेगळी. जेसीआय या रुग्णालये तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानांकन रुग्णालयाच्या जाहिरातीत बघू नका, जेसीआयच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नाव शोधा. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांना आणि दलाल संस्थांना तिथल्या आरोग्य मंत्रालयाचे वेगळे परवानापत्र लागते, ते मागा. सर्जनचे नाव त्या देशाच्या संघटनेत आणि आयएफएसओ या आंतरराष्ट्रीय संघटनेत आहे का बघा. मानांकन असले म्हणजे धोका संपला असे नाही, पण जंतुसंसर्गाची शिस्त कुठे तरी कोणी तरी तपासलेली असते. मेक्सिकोतल्या तिजुआना शहरात वजनाची शस्त्रक्रिया करून परतलेल्या अमेरिकी रुग्णांत प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू सापडले आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने त्याबद्दल प्रवाशांना सावध केले होते. असे जंतू घरी येतात तेव्हा इथल्या डॉक्टरच्या हातात फारशी औषधे उरत नाहीत.

मला ज्या खुणांवरून आता शंका येते त्या सांगते. डिपॉझिट वैयक्तिक खात्यात मागणे. मैत्रिणीला आणलेत तर सवलत. आजच भरले तर भाव हा, उद्या तो. एकाच भुलेत पोट, पित्ताशय आणि त्वचा घट्ट करणे, सगळे उरकून देण्याचा आग्रह. आणि संमतीपत्र फक्त त्यांच्या भाषेत. आम्हाला ते शस्त्रक्रियेच्या सकाळी, चाकाच्या खाटेवर सही करायला दिले होते. तुम्ही आठवडाभर आधी इंग्रजीत मागवा आणि इथल्या डॉक्टरला वाचायला द्या.

पैसे

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यात वैद्यकीय खर्चही येतो. बँकेत पॅन आणि ए-२ अर्ज लागतो, आणि वर्षभरात दहा लाखांवर रक्कम गेली की टीसीएस, म्हणजे बँकेनेच आगाऊ घेतलेला कर, कापला जातो, जो विवरणपत्रात जमा धरता येतो. रक्कम बँकेतून रुग्णालयाच्या खात्यावर पाठवा, कारण "वैद्यकीय" असा उद्देश नोंदलेला पुरावा पुढे कामाला येतो.

पॅकेजच्या रकमेइतकीच, निदान तिच्या निम्मी, रक्कम हात न लावता बाजूला ठेवा. साध्या प्रवास विम्यात ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंत बहुतेक वेळा वगळलेली असते. गुंतागुंतीसाठी वेगळा विमा मिळतो, पण त्यातली रक्कम आणि दिवसांची मर्यादा वाचून घ्या. तुमच्या भारतीय आरोग्य विम्याच्या कंपनीलाही ईमेलने विचारा, की परतल्यावर त्रास झाला तर भरती झाल्याचा खर्च मिळेल का. उत्तर लेखी हवे.

व्हिसा आणि विमान

तुर्कस्तानसाठी भारतीय पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा लागतो. ई-व्हिसा फक्त ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा वा निवासपरवाना आहे त्यांना. बाकी कुठल्याही देशाचे नियम बुकिंगच्या आठवड्यात त्या दूतावासाच्या पानावरच तपासा. उपचारांसाठी जात असाल तर तसेच सांगा. पर्यटक म्हणून जाऊन मुक्काम वाढवायची वेळ आली तर आजारी माणसाला कचेऱ्यांचे खेटे घालायला लागतात.

परतीचे तिकीट बदलता येईल असे घ्या, भले चार पैसे जास्त पडोत. पॅकेजमध्ये पाचव्या-सहाव्या दिवशी परत पाठवतात. पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवसांनी उडता येते आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेला दहा दिवस थांबावे, असे ब्रिटनमध्ये ढोबळ मानाने सांगतात. बेरिॲट्रिक रुग्णाच्या बाबतीत मी दुसऱ्या आकड्याकडे झुकते. वजन जास्त, नुकतीच शस्त्रक्रिया, आणि तासन् तास गुडघे मोडून बसणे, या तिन्ही गोष्टी पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायला पुरेशा आहेत, आणि ती फुप्फुसात गेली तर वेळ मिळत नाही. गोव्यातल्या मोपा किंवा दाबोळी विमानतळाहून अशा प्रवासाला मध्ये आखात किंवा मुंबई असतेच, म्हणजे दारापासून दारापर्यंत पंधरा-वीस तास सहज.

कडेची जागा घ्या. पायांचे घट्ट मोजे घाला. तासाला एकदा उठून चाला. रक्त पातळ करणारी इंजेक्शने किती दिवस घ्यायची ते लिहून घ्या, आणि ती केबिनच्या बॅगेत, डॉक्टरच्या पत्रासह. विमानतळावर व्हीलचेअर सांगा. आपल्याला चालता येते म्हणून लाजू नका, रांगेत दोन तास उभे राहणे वेगळे. सीपॅप यंत्र (स्लीप ॲप्नियासाठी झोपेत हवा देणारे) असेल तर तेही हातातल्या सामानात. एकट्याने जायचे नाही, हे तर वेगळे सांगायला नको.

आधीचे दोन आठवडे

चरबीने सुजलेले यकृत जठराच्या वर पसरलेले असते आणि सर्जनला ते उचलून काम करावे लागते. दोन आठवडे रोज साधारण ८०० ते १००० कॅलरींचा, कमी पिष्टाचा आहार घेतला की ते आकसते आणि शस्त्रक्रिया सोपी जाते. म्हणजे भात बंद, पोदेराकडचा पाव आणि उंडे बंद, गोड बंद. उकडलेले किंवा तव्यावर थेंबभर तेलात केलेले नुस्ते, अंडे, ताक, भाज्या, आणि डॉक्टरने दिलेली प्रथिनांची पावडर. तारीख चवथीच्या किंवा घरातल्या लग्नाच्या आसपास ठेवू नका, समोर नेवऱ्या असताना हे कोणालाही जमत नाही. जाण्याआधीचे "शेवटचे जेवण" म्हणून मेजवान्या झोडू नका, यकृत पुन्हा सुजते.

मधुमेह्यांनी हे नीट वाचावे. आहार एवढा कमी केल्यावर इन्सुलिन आणि काही गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर साखर धोकादायक खाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. कमी पिष्टाच्या आहारात साखर फारशी न वाढताही त्या रक्तात आम्ल वाढवू शकतात. मधुमेहतज्ज्ञाकडून तारखेवार तक्ता लिहून घ्या. वजनाची इंजेक्शने चालू असतील तर भूल देणाऱ्याला सांगा, कारण त्यांनी जठर सावकाश रिकामे होते. सिगारेट, तंबाखू आणि फेणी काही आठवडे आधीपासून पूर्ण बंद. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर गुठळीच्या धोक्यामुळे त्याही आधी थांबवाव्या लागू शकतात.

तिथून निघण्याआधी काय हातात हवे

रुग्णालयातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. त्याच दिवशी चालायला लावतील, चाला. फुंकायचे यंत्र देतील, फुंका. पण डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सोबतच्या माणसाने ही यादी घेऊन परिचारिकेच्या टेबलावर जावे:

- शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल, इंग्रजीत, सर्जनच्या सही-शिक्क्यानिशी: कोणती पद्धत, नळीचे माप ठरवायला आत घालतात तो बूजी कोणत्या मापाचा, बायपास असेल तर आतड्याची लांबी किती सोडली, कोणते स्टेपलर, गळतीची चाचणी केली का
- डिस्चार्ज सारांश, औषधे ब्रँडच्या नावाने नको, मूळ रसायनाच्या नावाने
- रक्ताचे शेवटचे अहवाल, एक्स-रे किंवा सीटी झाले असेल तर त्याची सीडी
- काढलेल्या जठराचा पॅथॉलॉजी अहवाल कधी आणि कुठे पाठवणार
- सर्जनचा थेट नंबर, जिथे गोव्यातला डॉक्टर डॉक्टरशी बोलू शकेल

हे सगळे फोनमध्ये, ईमेलवर आणि कागदावर, तिन्हीकडे. मिळेपर्यंत हॉटेलात जाऊ नका. आम्हाला तो अहवाल पाचव्या स्मरणपत्रानंतर आला, तेव्हा बहीण बरी होऊन खीर मागायला लागली होती.

घरी आल्यावर: कशाला घाबरायचे

नाडी मिनिटाला १२० च्या वर टिकून राहणे, ताप, वाढत जाणारे पोटदुखणे, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे. यातले एकही आले तर गळती समजून थेट रुग्णालयात जायचे, सकाळची वाट बघायची नाही. पोट वरून मऊ वाटले तरी गळती असू शकते. एकाच पायाची पोटरी सुजणे किंवा अचानक श्वास अडकून छातीत दुखणे ही गुठळीची खूण. हे पहिला महिनाभर विसरायचे नाही.

सतत उलट्या होत असतील तर आणखी एक गोष्ट, आणि ही मी त्या रात्री शिकले. काही आठवडे अन्न ठरले नाही की शरीरातला थायमिन म्हणजे बी-१ चा साठा संपतो. अशा रुग्णाला नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. ड्यूटीवरच्या डॉक्टरला "बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालीय, थायमिन द्याल ना?" एवढे नम्रपणे विचारा. आमच्या डॉक्टरने स्वतःहून दिले. आणि अशा रुग्णाच्या नाकात नळी आंधळेपणी घालू नये, हेही सोबतच्या माणसाला माहीत असावे.

ताटातला बदल

पहिले दोन आठवडे द्रव, मग दोन आठवडे गाळलेले-वाटलेले, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे, तेही वाटीभर. तुमच्या सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असेल तर त्याचे ऐका.

आपल्याकडे आजारी माणसाला पेज देतात. पेज चांगली, पण तिच्यात प्रथिने जवळजवळ नाहीत, आणि या रुग्णाला रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. त्यापेक्षा मुगाचे गाळलेले कढण, कुळथाचे सार, ताक, दुधात पावडर. वाटलेले खायची पाळी आली की नुस्त्यासारखे दुसरे अन्न नाही. मुडदुशी उकडून, काटे डोळ्यांत तेल घालून काढून, कुस्करून द्या. नारळाचे घट्ट हुमण आणि तिखट मात्र थांबू दे. सुंगटे (कोळंबी) आणि मटण चिवट, ते शेवटी. पाव आत गेल्यावर फुगतो आणि गोळा होऊन अडकतो, त्यामुळे बरेच महिने त्याच्या वाटेला जायचे नाही.

जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बाकी दिवसभर घोट-घोट. फसफसणारी पेये नाहीत. फेणी, बिअर वर्षभर तरी नाही. शस्त्रक्रियेनंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्याची जागा पिण्याने घेतलेली माणसे आपल्या गावांत आहेत.

पुढची सगळी वर्षे

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, शक्यतो सायट्रेट. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नका, दोन तासांचे अंतर ठेवा. हे आयुष्यभर, "आता बरे वाटतेय" म्हणून थांबवायचे नसते. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी काही सर्जन सहा महिने गोळी देतात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या भराभर कमी कराव्या लागतात, म्हणून मधुमेहतज्ज्ञाची पहिली भेट आल्याच्या आठवड्यातच.

डोके दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनाक नको, बायपासनंतर तर नाहीच, जोडावर व्रण पडतो. पॅरासिटामॉल चालते. बायकांनी निदान बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत. वजन उतरले की पाळी सुधारते आणि अनपेक्षितपणे दिवस राहतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. डॉक्टरला दुसरा उपाय विचारा.

बाहेर राहणाऱ्या गोंयकारांसाठी

तुम्ही कुवेत, दुबई, दोहात असाल किंवा ब्रिटनमध्ये स्विंडनला, तर हाच हिशेब उलटा लावा. सुट्टीत भारतात येऊन करून घेणे चांगलेच, घरचे माणूस जवळ असते. पण पंधरा दिवसांच्या रजेत नको. महिना-दीड महिना काढा, आणि तुम्ही जिथे राहता तिथला डॉक्टर पुढे बघणार का, हे निघण्याआधी विचारा. ब्रिटनमध्ये जिवावरच्या प्रसंगी एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा बघते, पण बाहेर केलेल्या शस्त्रक्रियेचा नेहमीचा पाठपुरावा ती करीलच असे धरू नका.

आणि जहाजावरच्या माणसांना कळकळीने सांगते, कारण आमच्या नात्यातच तीन जण आहेत. पुढचे कॉन्ट्रॅक्ट दोन महिन्यांवर असताना ही शस्त्रक्रिया करू नका. समुद्रात सीटी स्कॅन नाही, सर्जन नाही, आणि मेसमध्ये गाळलेले कढण कोणी देत नाही. शिवाय वैद्यकीय तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रात ती दाखवावी लागते. निदान सहा महिने घरी मिळणार असतील तेव्हाच तारीख घ्या, आणि सहाव्या महिन्याचे रक्ताचे अहवाल हातात आल्याशिवाय कंपनीला होकार देऊ नका.